अडलेला घास

पावाचा घास छातीच्या मधोमध येऊन थांबला, आणि त्याबरोबर स्वयंपाकघरातलं बाकी सगळंही थांबलं असं त्याला वाटलं. नळाचं टपकणं, बायकोच्या बांगडीचा आवाज, खिडकीबाहेर कोणीतरी गाडी चालू करण्यासाठी करत असलेली खटपट. घास दुखत नव्हता. नुसता होता. दारात येऊन उभ्या राहिलेल्या आणि आत यावं की नको हे न ठरलेल्या पाहुण्यासारखा. तो कुठे आहे हे त्याला नेमकं माहीत होतं, कारण पोटाच्या डॉक्टरला ते माहीत असावंच लागतं: अन्ननलिका जिथे छाती आणि पोटामधल्या पडद्यातून खाली उतरून जठराला मिळते, तिथे, त्या दारातच. छातीवर बोट ठेवून त्याने ती जागा दाखवली असती. वर्गात वैद्यकीच्या मुलांना दाखवायचा तशी. त्याने पाण्याचा घोट घेतला. पाणी घासाच्या डोक्यावर जाऊन बसलं. आता दोघं अडले. मग खाली काहीतरी सैल झालं आणि दोघंही एकदमच आत गेले, आणि नळ पुन्हा टपकायला लागला.

"काय झालं?" बायकोने पाठमोरी राहूनच विचारलं. ती शाळेत शिकवायची आणि या वेळेला रोज तिचा चष्मा हरवलेला असायचा.

"काही नाही. चहा गरम होता."

"चहा मी अजून ओतलाच नाही."

"मग पाणी गरम असेल."

ती हसली. त्याच्या अशा उत्तरांची तिला सवय होती. इतक्या वर्षांत त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग अशाच उत्तरांचा झालेला होता. चष्मा फ्रिजवर सापडला. उरलेला पाव त्याने बशीत तसाच ठेवला, उशीर झाला म्हणाला आणि निघाला. जिन्यावरून उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपण गिळून बघतोय. नुसती थुंकी. एकदा, परत एकदा. थुंकी उतरत होती. थुंकीवरून काही कळत नाही हे तो रोज लोकांना सांगत असे.

हा पहिला घास नव्हता. हिवाळ्यात एकदा असाच एक अडला होता, त्याच्या आधी रात्री छातीत आंबट जळजळ सुरू झाली होती, आणि त्याने जे केलं ते त्याच्याकडे येणाऱ्या कोणीही केलं असतं तर त्याने त्याची चांगली हजेरी घेतली असती. औषधकंपन्यांची माणसं त्याच्या टेबलावर नमुन्याच्या गोळ्या ठेवून जात. आम्ल कमी करणाऱ्या, सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. खालच्या खणात त्यांचा ढीग साठलेला होता. त्याने एक पाकीट फोडलं. मग दुसरं. जळजळ थांबली, घास उतरायला लागले, आणि तो खण हळूहळू रिकामा होत गेला. रस्त्याने चालताना आज त्याला तो खण डोळ्यांसमोर दिसत होता, त्याच्या तळाचा कागद दिसायला लागलेला. या गोळ्यांचा एक गुण आहे आणि तोच त्यांचा अवगुण. त्या आग विझवतात, पण आग कोणी लावली ते विचारत नाहीत. आतली एखादी वाईट जखमसुद्धा या गोळ्यांनी वरवर भरून येते, तिच्यावर नवी कातडी धरते, आणि मग नळी आत घालून बघणाऱ्याला दिसते फक्त थोडीशी लाली. म्हणून नळी टाकण्याआधी काही दिवस गोळ्या बंद ठेवायच्या असतात. म्हणून तो प्रत्येकाला विचारत असे, गोळ्या चालू आहेत का? आणि प्रत्येक जण आधी नाही म्हणत असे. मग तो टेबलावर पेन आपटायचा. "अहो, लपवून कोणाला फसवताय? मला? मी तर आत जाऊन बघणारच आहे!" लोक ओशाळत. बायका पदराआड हसत. त्याचं हे वाक्य इस्पितळात प्रसिद्ध होतं आणि त्याला ते माहीत होतं.

रस्त्यावर लोक खात होते. त्याने असं आधी कधी बघितलं नव्हतं. कोपऱ्यावरचा रखवालदार उभ्याउभ्या काहीतरी चावत होता, बसथांब्यावर एक बाई मुलीला सफरचंदाच्या फोडी भरवत होती, एक तरुण चालता चालता कागदातून मोठे घास तोडत होता आणि गिळताना मान पुढे काढत होता. किती निष्काळजीपणे गिळतात, त्याला वाटलं. घास घशाच्या पलीकडे गेला की माणसाचा त्याच्याशी संबंध संपतो. पुढचं सगळं आपोआप, अंधारात, कोणाला न विचारता. वर्गात तो मुलांना म्हणत असे, खाणं तुमचं असतं ते फक्त जिभेपर्यंत. त्याने एवढी वर्षं त्या अंधारात दिवा घेऊन जाण्याचं काम केलं होतं, आणि तिथलं सगळं त्याला घरच्यासारखं पाठ होतं, पण ते घर नेहमी दुसऱ्याचं होतं.

तपासणीची खोली थंड आणि अर्ध्या अंधारात असायची, म्हणजे नळीतलं चित्र पडद्यावर नीट दिसावं. कपाटात नळ्या टांगलेल्या असत, काळ्या, लवचिक, बोटभर जाड, धुऊन वाळत घातलेल्या. त्यांच्या टोकाला एक बारीक दिवा आणि एक डोळा. जंतुनाशकाचा वास इतका मुरलेला की घरी गेल्यावर बायको त्याचा शर्ट बाजूला काढून ठेवी. डाव्या हातात नळीची मूठ, अंगठ्याखाली दोन चाकं, एकाने नळीचं तोंड वरखाली होतं, दुसऱ्याने डावंउजवं. उजव्या हाताने नळी पुढे सारायची. वर्षानुवर्षं चाकं फिरवून त्याच्या डाव्या अंगठ्याला एक घट्टा पडला होता, आणि सभेत किंवा सिनेमात बसल्यावर तो अंगठा आपोआप हलत राही. आज सकाळपासून तो हलत होता. पहिला रोगी झाला, दुसरा झाला. एका शिंप्याच्या जठरात त्याला व्रण दिसला, स्वच्छ, गोल, कडा मऊ असलेला, चांगल्या घरातला व्रण. त्याने चिमट्याने कडेचे तुकडे घेतले. हात नेहमीसारखे चालत होते. त्याचं मन मात्र नळीबरोबर आत जाण्याऐवजी बाहेर टेबलावर झोपलेल्या माणसाकडे जात होतं: त्याच्या तोंडातल्या प्लॅस्टिकच्या कड्याकडे, त्यातून ओघळणाऱ्या लाळेकडे, भिंतीकडे लागलेल्या डोळ्याकडे. हा आत्ता काय विचार करत असेल? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला सुचला नव्हता, आणि आता सुचला हेही त्याला विशेष वाटलं नाही. नोंद घेतल्यासारखं वाटलं.

मग एक छोटी मुलगी आली, आईबरोबर. सोंगटी गिळलेली. खेळातली, लाल रंगाची. क्ष-किरणात ती प्लॅस्टिकची असल्यामुळे दिसत नव्हती आणि आई म्हणत होती गिळली, आणि छोटी म्हणत होती नाही.

"नक्की नाही गिळलीस?" डॉक्टर तिच्या उंचीला येऊन बसला. मुलांशी बोलताना तो नेहमी खाली बसत असे.

"नाही."

"मग जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"थुंकी का बाहेर काढतेस सारखी?"

छोटीने विचार केला. "ती आत जायचं नाही म्हणते."

"थुंकी म्हणते?"

"हो."

आईने कपाळाला हात लावला. "अहो, सकाळपासून हेच! हिच्या भावाने सांगितलं, हरायला लागली म्हणून गिळली."

"खोटं!" छोटी ओरडली, आणि ओरडता ओरडता तिच्या घशात काहीतरी आलं, आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भूलतज्ज्ञाने तिला झोपवलं. नळी आत गेली, आणि अन्ननलिकेच्या पहिल्याच अरुंद वळणावर पडद्यावर लालभडक सोंगटी आली, आडवी बसलेली, ओल्या गुलाबी भिंतींच्या मधे इतकी स्वच्छ आणि खरी, की खोलीतले सगळे हसले. त्याने जाळी सोडली, सोंगटी जाळीत घेतली आणि सावकाश बाहेर आणली. जागी झाल्यावर छोटीने सोंगटी बघितली, उलटसुलट केली. मग त्याला म्हणाली, "तुम्हाला आतलं सगळं दिसलं?"

"सगळं."

"आणखी काय होतं?"

"काही नाही. बाकी सगळं एकदम छान होतं."

तिने सुटकेचा श्वास सोडला. तिच्या मनात आणखी काय काय होतं आणि त्यातलं काय काय दिसलं नाही म्हणून तिला हायसं वाटलं, कोण जाणे. डॉक्टर स्वतः लहान असताना घसा दुखला की त्याची आई बॅटरी घेऊन यायची. आ कर. आणखी. जीभ बाहेर. बॅटरीचा पिवळा उजेड टाळूवर ऊब धरायचा आणि आईचा चेहरा अगदी जवळ यायचा, एक डोळा बारीक केलेला, आणि त्याला तेव्हा खात्री असायची की आईला घशाच्या मागचं सगळं दिसतं. चोरून खाल्लेली साखर, बहिणीची फोडलेली पाटी, शाळेत मारलेल्या थापा. त्या तिथेच कुठेतरी ओळीने बसलेल्या असणार. आई म्हणायची, काही नाही, लाल झालंय जरा. आणि बॅटरी बंद करायची. ते काही नाही ऐकून जे वाटायचं, त्याच्यासारखं नंतर फारसं काही वाटलं नाही. कदाचित त्या दोन शब्दांसाठीच लोक त्याच्याकडे येत असत. पैसे देऊन, उपाशी राहून, नळी गिळून.

दुपारी यादी संपली. खोलीत त्याची धाकटी सहकारी उरली होती, जिला सगळे तुरतुरी म्हणत, कारण ती चालायची नाही, तुरुतुरु धावायची. ती त्याच्याच हाताखाली शिकली होती. पहिल्यांदा नळी हातात घेतली तेव्हा तिचा हात इतका थरथरत होता की पडद्यावर जठरात भूकंप झाल्यासारखं दिसत होतं. आता तिचा हात त्याच्याहून हलका होता, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"मोकळी आहेस?" त्याने विचारलं.

"आहे ना. का सर?"

"माझी नळी टाक."

ती हसली. मग तिने त्याच्याकडे बघितलं आणि हसणं आवरलं. "काय होतंय?"

"घास अडतो मधूनमधून. सकाळी अडला. तेव्हापासून उपाशी आहे, म्हणजे ती तयारी झालेलीच आहे."

"वजन?"

"आहे तेवढं आहे."

"रक्तस्राव, उलटी, शौचाला काळं?"

"नाही."

"गोळ्या चालू आहेत का?"

प्रश्न त्याचाच होता, सूरही त्याचाच. तिने तो त्याच्याकडूनच उचलला होता. उत्तर देण्याआधी त्याने एका क्षणात पुष्कळ काही बघितलं. हो म्हटलं, तर ती म्हणणार, मग बंद करा आणि दोन आठवड्यांनी या, आणि तिचं बरोबर असणार. आणि दोन आठवड्यांनी तो येणार नाही, हे त्याला हाताच्या रेषांसारखं स्पष्ट दिसत होतं. आज जो पाय उचलला गेला तो पुन्हा उचलला जाणार नाही. हे एक कारण झालं, आणि ते चांगलं होतं, कोणालाही सांगता येण्यासारखं. त्याच्या खाली दुसरं होतं: त्याला तो पेन आठवला, टेबलावर आपटलेला. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक तिसरं होतं ज्याला शब्द नव्हते. गोळ्यांनी जर काही झाकलं असेल, तर ते झाकलेलंच राहू दे.

"नाही," तो म्हणाला.

सिस्टर हात पुसत आत आली आणि त्याला टेबलावर चढताना बघून थबकली. "अगंबाई! आज सर आडवे आणि आपण उभ्या?"

"किती दिवसांची इच्छा होती ना तुझी," तो म्हणाला.

"माझी नाही, झाडूवाल्या मावशींची. त्या म्हणतात, सरांचं तोंड बंद ठेवायला हे कडंच पाहिजे."

"झोपेचं इंजेक्शन देऊ?" तुरतुरीने विचारलं.

"नको. मला बघायचंय. पडदा इकडे वळव."

तो डाव्या कुशीवर वळला. सिस्टरने घशात कडू फवारा मारला आणि घसा हळूहळू त्याचा राहिला नाही. जीभ सुजल्यासारखी जड झाली, गिळायला गेलं तर कुठे काय हललं ते कळेना. कडं दातांत बसलं. टेबल एवढं अरुंद आणि गार असतं हे त्याला माहीत नव्हतं. उशीच्या अभ्र्याला साबणाचा वास होता, आणि भिंतीवर, रोगी जिथे बघतो तिथे, रंगाचा एक पोपडा सुटलेला होता, ज्याकडे एवढ्या वर्षांत त्याच्याखेरीज सगळ्यांनी बघितलेलं असणार. मग नळी आली. उबळ आली. शरीराने तिला ओळखलं नाही. नळी बाहेर ढकलायचा त्याच्या शरीराने जो आटापिटा केला त्यात त्याचं एवढ्या वर्षांचं ज्ञान कुठेच उपयोगी पडलं नाही. "श्वास घ्या सर, नाकाने. लाळ बाहेर जाऊ द्या, गिळू नका." तो श्वास घेऊ लागला. आणि पडद्यावर अन्ननलिका उघडली, फिकट, मोत्याच्या रंगाची, लांब, स्वच्छ, आणि त्याच्या मनात आलं: चांगला रोगी आहे.

त्याला वाटलं होतं आपण घाबरू. तसं काही झालं नाही. पडद्यावर जे होतं ते इतर कोणाहीसारखं होतं आणि तो ते इतर कोणाचं तरी असल्यासारखं बघत होता. मधेच भिंत एका बाजूने आत यायला लागली, पुन्हा मागे गेली, पुन्हा आली. पलीकडून हृदय अन्ननलिकेला धक्के देतं ते तसं दिसतं. हे त्याने इतक्यांचं बघितलं होतं की त्याकडे तो आता बघतही नसे. पण आज तो ते बघत असताना धक्क्यांचा वेग वाढला. त्याने बघितलं म्हणून वाढला. म्हणजे हा तोच होता. त्याने नजर बाजूला केली आणि थोड्या वेळाने वेग कमी झाला असावा. डावा अंगठा मांडीवर फिरत होता, तिच्या चाकांच्या मागोमाग. ती वळायची तिथे तो आधीच वळलेला असायचा. खाली उतरताना दारापाशी ती थांबली. जिथे फिकट भिंत संपते आणि जठराचा तांबूस रंग सुरू होतो ती नागमोडी रेघ. रेघेवरून तांबूस रंगाची एक जीभ वर सरकलेली होती, बोटाच्या नखाएवढी. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की भिंत आपलं अस्तर बदलते, ते हे. पुष्कळांना असतं. ती पुढे गेली, जठर फुगवलं, फिरून बघितलं, पुढच्या आतड्यात डोकावली, परत आली. सगळं नीट, ठरल्या क्रमाने, एकही कोपरा न सोडता. चांगलं शिकवलं होतं त्याने. परतताना ती पुन्हा त्या जिभेपाशी थांबली, आणि तिथे त्याला ते दिसलं.

दिसलं म्हणजे काय ते त्याला सांगता आलं नसतं. त्या तांबूस जिभेच्या उजव्या कडेला एवढीशी जागा, जिचा पोत बाकीच्यासारखा नव्हता. ओल्या वाळूवर कोणीतरी तळहात फिरवून खुणा पुसल्यासारखी, जरा जास्तच सारखी. भरून आलेली. गोळ्या न घेणाऱ्या माणसात ती जागा काहीच नसते, पाणी लागलेलं असतं, उजेडाचा खेळ असतो. गोळ्या घेणाऱ्या माणसात ती थांबायला लावते. तुरतुरी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. तिला तो प्रश्न पडला आहे हे त्याला पडद्यावरून कळलं, नळी किंचित पुढे झुकली त्यावरून. मग तिला त्याचं उत्तर आठवलं असणार. नाही, गोळ्या नाहीत. नळी मागे सरली.

आता गप्प पडून राहायचं होतं फक्त. एवढंच. काही करायचं नव्हतं. केलं नाही की झालं. त्याने बघितलेलं तर त्याने एकट्याने बघितलेलं होतं, आणि तोंडात कडं असलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. भिंत मागे मागे जात होती, फिकट, मोत्याच्या रंगाची. त्याचा हात वर झाला. तो का झाला हे त्याला नंतरही कळलं नाही. घाबरून झाला की समजून झाला. पण तो वर होतो न होतो तोच सिस्टरच्या दोन्ही हातांनी त्याला पकडलं आणि प्रेमाने, घट्ट, टेबलावर दाबून धरलं. रोग्याचा हात उठला की धरायचा, तो नळीला हात घालतो, हे सिस्टरला त्यानेच शिकवलं होतं. "झालं सर, झालं. निघतेच आहे बाहेर. शहाणे आहात ना?" त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला. तिने आणखी दाबला. पडद्यावर स्वरयंत्राची पांढरी कमान येऊन गेली, मग जीभ, मग दात, मग छताचा दिवा.

"सर!" तुरतुरीचा चेहरा उजळला होता. "काही नाही. थोडी लाली आहे, आणि ती छोटीशी अस्तर बदललेली पट्टी. बाकी एकदम स्वच्छ. मी उगाच घाबरले होते हो." ती खरंच घाबरली होती हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. सिस्टरने त्याच्या तोंडाला कागद लावला, हनुवटी पुसली, लहान मुलाची पुसतात तशी. "बघा! उगाच पोटात गोळा आणलात आमच्या. आता पेढे काढा."

काही नाही. ते दोन शब्द आले होते. कानातून आत गेले आणि छातीत, बरोबर त्याच ठिकाणी, येऊन थांबले.

"परत टाक," तो म्हणाला. जीभ त्याची नव्हती, शब्द लाळेत घसरत होते.

"काय सर?"

"परत. टाक. गोळ्या घेत होतो मी."

सिस्टरचा हात कागदासकट मधेच राहिला. तुरतुरी त्याच्याकडे बघत उभी राहिली. ती ओरडेल असं त्याला वाटलं, ओरडली तर बरं असंही वाटलं. ती ओरडली नाही.

"कधीपर्यंत?"

"आज सकाळपर्यंत."

तिने हातमोजे काढून टाकले, नवे घातले. "सिस्टर, ते व्हिनेगर आणा. पातळ करून."

या कामासाठी साधं स्वयंपाकघरातलं आंबट पाणी वापरतात. नळीतून ते त्या बदललेल्या अस्तरावर सोडलं की अस्तर पांढरं होतं, थंडीत काचेवर धुकं धरावं तसं. मग ते धुकं हळूहळू ओसरतं. निरोगी जागा ते बराच वेळ धरून ठेवते. बिघडलेल्या जागेला ते धरून ठेवता येत नाही. तिथला लाल रंग सगळ्यांच्या आधी परत येतो. म्हणून पाणी सोडल्यावर काही करायचं नसतं. बघत थांबायचं असतं.

दुसऱ्यांदा नळी आत गेली तेव्हा उबळ कमी आली, किंवा त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आंबट पाणी पडलं आणि छातीत आतून एक बारीक जळती रेघ ओढली गेली. लोक हे सांगायचे आणि तो म्हणायचा, थोडंसं जळेल. थोडंसं नव्हतं. पडद्यावर ती तांबूस जीभ पांढरी झाली, सगळी, एकसारखी, सुंदर दिसली. त्याला वाटलं, राहील. राहील पांढरी. तो खोकला, आणि पडदा हलला.

"काका, हलू नका हं," तुरतुरी म्हणाली, रोज कोणाही रोग्याला म्हणते तसं.

तिचे डोळे पडद्यावर खिळलेले होते आणि आपण काय म्हणालो हे तिला कळलंही नाही. सिस्टरने चमकून तिच्याकडे बघितलं. तो हलला नाही. त्याचा डावा अंगठा, सकाळपासून पहिल्यांदाच, थांबला होता. एवढ्या वेळात आता कोणीतरी त्याला बघत होतं आणि त्याला स्वतःला बघायचं काम उरलं नव्हतं. उजव्या कडेला पांढऱ्यातून एक ठिपका उमलला. लाल. बाकी सगळं पांढरं असताना. त्याच्या कडा वाढल्या, मुगाएवढा झाला, आणि तिथेच थांबला. तिने चिमटा मागितला आणि सिस्टरला सांगत गेली. उघडा. बंद. उघडा. बंद. चिमटा भिंत ओढायचा तेव्हा पडद्यावर ताण दिसायचा आणि त्याला काही जाणवायचं नाही.

नंतर तो शेजारच्या खोलीत खाटेवर बसला होता, पाय खाली सोडून. तुरतुरीने स्टूल ओढलं आणि समोर बसली. उभ्याउभ्या सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात आणि बसून सांगायच्या वेगळ्या, हे त्याला माहीत होतं.

"लहान आहे सर. वरवरचं असेल तर आतूनच सोलून काढता येईल. खाली पाणी टोचून उचलायचं आणि... तुम्हाला काय सांगायचं. तुकडे काय म्हणतात ते आधी कळू दे."

"हं."

"बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

"घरी माहीत आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग बोलवा. कोणी आल्याशिवाय मी सोडणार नाही. नाहीतर घरी जाऊन तुम्ही काही झालंच नाही असं सांगाल, मी ओळखते ना तुम्हाला." ती उठली, दारापर्यंत गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "खोटं का बोललात हो माझ्याशी?" उत्तरासाठी ती थांबली नाही. तिची तुरुतुरु पावलं बोळातून लांब गेली.

फोन बराच वेळ वाजला. बायकोने उचलला तेव्हा मागे मुलांचा गलका होता, कोणीतरी पाढे म्हणत होतं.

"हं, बोल. जेवलास?"

रोजचा प्रश्न होता. रोजचं उत्तर जिभेवर तयार होतं, आणि जीभ बधिर होती.

"नाही."

"का रे? आणि बोलतोयस कसा असा?"

"घास उतरत नाही मला."

मागचे पाढे चालू होते. ती बहुधा वर्गाबाहेर आली, कारण गलका एकदम लांब गेला.

"कधीपासून?"

हिवाळा, तो म्हणाला, हिवाळ्यापासून. मग त्याने तिला सांगायला सुरुवात केली, खणाचं, गोळ्यांचं, पट्टीचं, आंबट पाण्याचं, जसं तो बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगत असे, एकामागून एक, सोप्या शब्दांत, घाबरवायचं नाही आणि लपवायचंही नाही असं. शब्द लाळेत अडखळत होते. तो थांबला. ती फोनवर आहे ना असं त्याला वाटलं आणि त्याने तिला हाक मारली.

"आहे," ती म्हणाली. "मी विचार करतेय, इतके दिवस मी जेवायला कोणाबरोबर बसत होते."

एखादं बरं वाक्य सुचतंय का म्हणून त्याने वाट बघितली आणि ते सुचलं नाही. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, आणि किल्ल्यांचा आवाज, आणि कोणा शिपायाला तिने दिलेली सूचना, माझा वर्ग बघा जरा. चपला. जिना. ती फोन बंद न करताच निघाली होती, काही न बोलता, भरभर, आणि तो कानाला फोन लावून तिची पावलं ऐकत बसून राहिला.